परक्या ओट्यावर कॅमेरा

जुन्या घरांचे खांब, चौकटी आणि कोरीव हस्त यांची छायाचित्रे घेण्याचा ज्याला नाद आहे, असा मनुष्य जोवर स्वतःच्या मुलखात हिंडत असतो, तोवर आपण कोणाच्या घराचे काय टिपून नेत आहोत हा प्रश्न त्याला सहसा पडत नाही. वाईला, मेणवलीला, सासवडला किंवा नाशिकच्या जुन्या गल्ल्यांत वाड्याच्या दिंडीतून आत डोकावताना कोणाचे तरी नाव सांगता येते. नाव सांगितले की गाव निघते, गावावरून आडनाव आणि आडनावावरून दूरचे का होईना नाते निघते, आणि चहा उकळेपर्यंत ओसरीच्या महिरपीपासून माजघरातल्या कोनाड्यापर्यंत सारे घर पाहून झालेले असते. या आतिथ्याने डोळा तयार होतो यात शंका नाही. पण मन मात्र सुस्तावते. पुण्याच्या विश्रामबागवाड्यातील सुरूचे खांब आणि महिरपींखाली लोंबणारी केळफुले मी इतक्या वेळा टिपली होती, की कोणत्या महिन्यात कोणत्या प्रहरी त्यांच्यावर उजेड कसा उतरेल हे घरी बसून सांगता आले असते. गेल्या हिवाळ्यात अहमदाबादेस जाण्याचे ठरविले, ते तेथे ओळखीचे एकही घर नाही या एकाच कारणासाठी.

सुलतान अहमदशहाने १४११ साली साबरमतीच्या पूर्वतीरावर वसविलेल्या या नगराचा जुन्या तटाच्या आतला भाग आजही पोळांनी भरलेला आहे. पोळ म्हणजे एका दरवाज्याआड वसलेली, बहुधा एकाच ज्ञातीची वा व्यवसायाची वस्ती: दरवाज्यावर पहारेकऱ्याची खोली, आत वाकडीतिकडी गल्ली, तिला फुटलेल्या आणखी बारीक गल्ल्या, त्यांतल्या कित्येक पुढे बंद, मध्ये कोठेतरी खांबावर उभारलेला पाखरांना दाणे घालण्याचा चबुतरा, आणि दोन्ही अंगांना भिंतीला भिंत लावून उभी असलेली, रुंदीला कृपण पण खोलीला उदार अशी घरे. पुढे ओटा, ओट्यामागे खडकी, मग वर आकाशाला उघडा असलेला चौक, चौकाच्या फरसबंदीखाली पावसाचे पाणी साठविण्याचे चुनेगच्ची टाके, आणि त्यापलीकडे परसाळ व ओरडा, हा क्रम लहान घरातही मोडत नाही, केवळ आकसतो. भिंती विटांच्या असल्या, तरी विटांच्या थरांतून सागाच्या तुळया आडव्या गुंफलेल्या असतात, आणि त्यामुळे धरणीकंपात सारे घर एकसंध हलते. २६ जानेवारी २००१ रोजी कच्छच्या भूकंपाने नदीपलीकडील नव्या वसाहतींतील कित्येक काँक्रीटच्या बहुमजली इमारती जमीनदोस्त केल्या, तेव्हा दीडदोन शतकांची ही घरे मोठ्या संख्येने उभी राहिली. रस्त्याकडील दर्शनी भाग मात्र जवळजवळ सगळाच लाकडाचा. मजला पुढे काढलेला, आणि त्याचा भार तोलणारे तिरपे हस्त, ज्यांना तेथे मदल म्हणतात, इतके कोरलेले, की भार वाहणे हे त्यांचे मूळ काम विसरायला व्हावे. पोपट, हत्ती, वीणा घेतलेल्या अप्सरा, कीर्तिमुखे. आणि एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध आला की पंख फुटलेले युरोपीय देवदूत आणि विलायती खांबांच्या माथ्यावरची कंगोरेदार पाने.

जुलै २०१७ मध्ये युनेस्कोने या नगराला जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आणि भारतातील असा बहुमान मिळालेले ते पहिले नगर ठरले. पण त्याच्याही वीस वर्षे आधीपासून, म्हणजे १९९७ पासून, तेथील महापालिका सकाळच्या प्रहरी एक पदयात्रा चालविते. काळुपूरच्या १८२२ सालच्या स्वामिनारायण मंदिरापासून निघून ती पोळांतून वळणे घेत जामा मशिदीपाशी संपते. प्रवाशाच्या अंगभूत भित्रेपणाला हा मोठाच आधार आहे. कवी दलपतराम यांचे जेथे घर होते त्या लांबेश्वरच्या पोळीत ओट्यावर बसविलेला त्यांचा पुतळा असो, की कोण्या सावकाराच्या हवेलीचा झरोका असो, वाटाड्या थांबतो, बोट दाखवितो, मंडळी कॅमेरे वर करतात, आणि ज्यांच्या दारापुढे हा विधी चालतो ती माणसे वर्तमानपत्रातून डोकेही वर काढीत नाहीत. मी ही यात्रा निमूटपणे केली, आणि तिच्यातून मिळालेली चित्रे पाहताना जाणवले, की पूर्वी असंख्यांनी घेतलेल्या चित्रांची ती स्वच्छ नक्कल होती. खरे काम त्या ठरलेल्या वाटेपासून पन्नास पावले डावीउजवीकडे सरकल्यावर सुरू होते, आणि अंगावर काटाही तेथेच येतो.

कारण ज्या पोळीत यात्रा जात नाही, तेथे अनोळखी माणसाने कॅमेरा वर करून एखाद्या मदलावर रोखला, की ओट्यावर बसलेल्या प्रत्येकाच्या मनात त्याचा एक अर्थ लागतो. खाडियाच्या बाजूच्या एका आंधळ्या गल्लीत पापडी सोलीत बसलेल्या एका वृद्ध बांनी मला सरळच विचारले, "माप लेवा आव्या छो?" मी म्हणालो, "ना बा, फोटा पाडवा." त्यावर त्यांनी हातातली शेंग खाली ठेवली आणि कोणासाठी म्हणून विचारले. हा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा कठीण होता. पुढील काही दिवसांत निरनिराळ्या ओट्यांवर बसून जे कळले, त्याचे सार असे, की पोळीत येऊन घराचे फोटो घेणारी माणसे चार जातींची असतात. एक पालिकेचा मनुष्य, जो मागाहून जीर्ण इमारतीची नोटीस घेऊन येतो. दुसरा मिळकतीचा दलाल. तिसरा, बडोद्याला नाहीतर मुंबईला राहणाऱ्या चुलतभावाचा वकील, ज्याला हिश्शाच्या दाव्यात घराची हल्लीची अवस्था कोर्टापुढे मांडायची असते. आणि चौथा, सर्वांत गोडबोल्या, तो जुन्या लाकूडसामानाचा व्यापारी. हा आधी फोटो नेतो, गिऱ्हाईक पाहतो, आणि आठपंधरा दिवसांनी येऊन एवढ्या एका मदलाचे इतके रुपये देतो म्हणतो. घराला आधार म्हणून खाली लोखंडी पाइप लावून देण्याचीही त्याची तयारी असते.

असे पाइप मी पाहिले. ओळीने पाच कोरीव मदल, सहाव्या ठिकाणी हिरवा रंग दिलेला नळ. उपनगरांतील उपाहारगृहांच्या भिंतींवर, खाली पिवळा दिवा लावून टांगलेले सागाचे हस्त ज्यांनी पाहिले असतील, त्यांना त्या सहाव्या मदलाचा पत्ता सांगण्याची आवश्यकता नाही. आणि मग माझ्या पिशवीतल्या चित्रांकडे मी जरा वेगळ्या दृष्टीने पाहू लागलो. कारण उत्तम तपशीलचित्र म्हणून आम्ही ज्याची वाखाणणी करतो त्यात करतो तरी काय? वरची तुळई छाटतो, खालची तार छाटतो, शेजारची विजेची पेटी, वाळत घातलेला पंचा, दूरचित्रवाणीची तबकडी, सारे चौकटीबाहेर ढकलतो, आणि काळोख्या पार्श्वभूमीवर एकटा, अनाथ, देखणा हस्त उरवितो. व्यापारी करवतीने जे करतो, तेच आम्ही चौकटीने करतो. त्याच्या कृत्याने घर खचते आणि आमच्याने खचत नाही, हा भेद लहान नव्हे. तरी दोघांची नजर एकाच शाळेत शिकलेली आहे, हे मान्य केले पाहिजे.

ही शाळा जुनी आहे. शिल्पांची व लेखांची चित्रे चितारून घेण्याचा खर्च कंपनी सरकारच्या संचालकांना जड वाटू लागला, तेव्हा छायाचित्रण हा त्याहून स्वस्त मार्ग आहे अशी त्यांनी तजवीज सुचविली, आणि तिला अनुसरून मुंबई इलाख्यात १८५५ साली तोफखान्यातील थॉमस बिग्ज या अधिकाऱ्याची सरकारी छायाचित्रकार म्हणून नेमणूक झाली. विजापूर, बदामी, ऐहोळे येथील त्याचे काम चालू असतानाच वर्षाच्या आत त्याला पलटणीत परत बोलावण्यात आले आणि जागेवर पिगू नावाचा डॉक्टर आला. त्याच सुमारास आपल्याकडेही हे शास्त्र मूळ धरू लागले होते: १८५४ साली मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती, डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू नारायण दाजी तिच्या कामात पुढे होते, आणि एल्फिन्स्टन संस्थेत छायाचित्रणाचा वर्ग निघाला होता. पुढे १८६६ साली लंडनात अहमदाबादच्या वास्तुशिल्पावर एक भारदस्त ग्रंथ निघाला. चित्रे बिग्जची, संख्या १२०, इतिहास थिओडोर होप यांचा, वास्तुविषयक टिपणे जेम्स फर्ग्युसन यांची, आणि खर्चाला पैसा प्रेमचंद रायचंद यांचा. कापसाच्या तेजीत कुबेर झालेला आणि १८६५ च्या शेअरबाजाराच्या कोसळण्यात सारे गमावून बसलेला हा पुरुष. ग्रंथ छापून बाहेर पडला तेव्हा देणगीदाराचे वैभव विझलेले होते.

त्या ग्रंथातील चित्रे आज पाहिली तरी थक्क व्हायला होते. जामा मशिदीच्या दर्शनी भागावरील मनोरे १८१९ च्या भूकंपात माथे गमावून बसले होते. ते खुंट, त्यांवरील पट्ट्या आणि कोनाडे बिग्जच्या चित्रांत असे स्पष्ट उमटले आहेत, की शिल्पाचा अभ्यास करणाऱ्याने जागेवर जाण्याऐवजी त्यांच्याकडेच वळावे. परंतु ही चित्रे जवळजवळ निर्मनुष्य आहेत. त्या काळी भिंगापुढे पदार्थ बराच वेळ स्थिर राहावा लागे, चालता मनुष्य उमटत नसे, ही तांत्रिक अडचण खरीच. पण बाजाराच्या ऐन मध्यावर उभ्या असलेल्या इमारती अशा ओसाड दिसल्या म्हणजे राज्यकर्त्यांना त्या भग्नावशेषांसारख्या भासाव्यात आणि त्यांचे जतन करण्याचे पुण्य आपल्याच वाट्याला आले असे त्यांना वाटावे, हेही स्वाभाविक होते.

बिग्ज निदान चित्रेच घेऊन गेला. १८८१ साली नवविवाहित पत्नीसह येथे आलेला लॉकवुड द फॉरेस्ट नावाचा न्यूयॉर्कचा चित्रकार येथील घरांवरील लाकूडकाम पाहून इतका भारावला, की मगनभाई हठीसिंग या जैन श्रेष्ठींच्या सहकार्याने त्याने कोरीव लाकूडकामाचा कारखानाच काढला आणि अहमदाबादेच्या सुतारांनी कोरलेले सागवान जहाजाने अमेरिकेस जाऊ लागले. न्यूयॉर्कमधील त्याच्या राहत्या घराच्या तोंडावर असाच एक कोरीव झरोका बसविलेला आहे, आणि अँड्र्यू कार्नेगी यांच्या प्रासादातील ग्रंथालयही याच नक्षीने मढले. पाटणच्या वाडी पार्श्वनाथ मंदिरातील सोळाव्या शतकाच्या अखेरचा लाकडी सभामंडप आज न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात उभा आहे, त्यामागेही द फॉरेस्ट घराण्याचीच देणगी आहे. मी या गृहस्थास दोष देऊ शकत नाही. त्याने बहुतांशी नवे कोरवून घेतले, मोडून नेले नाही, आणि गिरण्यांच्या त्या काळात कित्येक सुतारांना त्यामुळे काम मिळाले असणार. पण मदल हा घरापासून सुटा करून पाहता येतो आणि तो तसाही सुंदर दिसतो, हे जगाला पटवून देण्यात त्याचा वाटा आहेच. शाहीबागेतील कॅलिको संग्रहालयाच्या आवारात जुन्या हवेल्यांचे दर्शनी भाग आणून पुन्हा उभे केले आहेत, त्यांच्यापुढे मी उभा राहिलो तेव्हा आनंद आणि अस्वस्थता यांची सरमिसळ झाली, ती यामुळेच. ते वाचले, हे उत्तम झाले. त्यांच्या ओट्यावर आता कोणी बसत नाही, एवढेच.

मग मी नियम केला, की कोणताही तपशील एकटा टिपायचा नाही. आधी संपूर्ण घर, मग त्याचा एक खण, मग मदल, आणि तारा, पेट्या, पंचे जेथे असतील तेथे राहू द्यायचे. कागदावर सोपा वाटणारा हा नियम पोळीत पाळणे किती दुर्घट, ते तेथे गेल्यावर कळते. गल्ली इतकी अरुंद, की पाठ समोरच्या भिंतीला टेकली तरी घराचा निम्मा भागही भिंगात मावत नाही. कॅमेरा वर उचलून मावविला, तर उभ्या रेषा वर जाऊन एकमेकींवर रेलतात आणि घर मागे कलंडल्यासारखे दिसते. रेषा सरळ ठेवणारी भिंगे असतात, चित्र मागाहून संगणकावर ताणूनही सरळ करता येते. परंतु खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे समोरच्या घराच्या पहिल्या मजल्यावर जाऊन खिडकीतून समोरासमोर चित्र घेणे. म्हणजे एका घराचे चित्र घ्यायचे तर परवानगी दुसऱ्याच घराची! आणि समोरासमोरची ही दोन घरे परस्परांशी बोलत असतीलच, असे नाही. एका ठिकाणी, "त्यांच्या घराचा फोटो आमच्या खिडकीतून कशाला?" असे खणखणीत उत्तर मिळाले, दुसऱ्या ठिकाणी समोरचा मजला माणेकचौकातील एका व्यापाऱ्याचे गोदाम निघाला आणि कापडाच्या गठ्ठ्यांवर चढून, दोन गठ्ठ्यांच्या फटीतून नेम धरावा लागला, तिसऱ्या ठिकाणी एका काकांनी नुसती खिडकीच उघडून दिली असे नव्हे, तर आपल्या लहानपणी समोरच्या झरोक्यातून पतंगाची फिरकी कशी इकडे झेलली जाई, ते साभिनय दाखविताना माझ्या तिपाईचा एक पाय जवळजवळ खाली घालविला. शहरातील माणसांची नाती मी अशा रीतीने खिडक्यांच्या हिशेबाने शिकलो. दूरचे भिंग लावून, चबुतऱ्याआडून, कोणाच्या लक्षात न येता झटकन चित्र घेणे हा सोपा मार्ग होता, आणि माझ्यासारख्या संकोची माणसाला तो अत्यंत मोहक होता. पण त्या मार्गाने मदलाचे चित्र मिळते, मदलामागे काय आहे ते मिळत नाही.

उजेडाचेही तसेच. पोळीची रचना ऊन अडविण्यासाठीच आहे, म्हणून सूर्य गल्लीत प्रत्यक्ष उतरतो तो फार थोडा वेळ, आणि उतरतो तेव्हा वरून इतका तीव्र पडतो, की पुढे काढलेल्या मजल्याखालचा मदल काजळात बुडतो. कोरीवकामाला हवा असतो तो बाजूने घासत येणारा मंद प्रकाश, ज्यात छिन्नीचा प्रत्येक घाव आपली सावली पाडतो. तो येथे मिळतो समोरच्या भिंतीवरून परतलेल्या उन्हाने. त्यामुळे समोरची भिंत पांढरी असेल तर मदल जिवंत, आणि तिला कोणी गर्द निळा तैलरंग दिला असेल तर मदलही निळसर. तैलरंगाची आणखी एक व्यथा अशी, की दर दिवाळीला हौसेने दिलेल्या थरांखाली पोपटाची चोच केव्हाच बुजलेली असते. रंग खरवडा, असे सांगणारे तज्ज्ञ आहेत. मला मात्र, ज्या घरात दर दिवाळीला रंग लागतो त्या घरात मनुष्य राहतो, ही बातमी चोचीपेक्षा महत्त्वाची वाटते.

प्रसिद्ध स्थळांविषयी लिहिण्यासारखे थोडेच आहे. सिदी सैयदच्या मशिदीची जाळी पाहिल्यावाचून कोणी परतत नाही, मीही परतलो नाही. गुजरातच्या सल्तनतीच्या अखेरच्या वर्षात, १५७२-७३ मध्ये, एका हबशी सरदाराने बांधविलेल्या या लहानशा मशिदीच्या मागील भिंतीत दगडात कोरलेली ती झाडे बाहेरून पाहिली तर नक्षी दिसतात आणि आतून, मावळतीच्या बाजूने प्रकाश येत असता पाहिली तर झाडे दिसतात. मधल्या कमानीत जाळीऐवजी साधा दगड भरलेला आहे, आणि छायाचित्रकार त्याच्याकडे पाठ करून उभे असतात. इंग्रजी अमदानीत येथे मामलेदाराची कचेरी भरत असे, आणि ती लॉर्ड कर्झन यांच्या हुकुमाने हलविण्यात आली. सारावसुलीच्या रुमालांचे ढीग आणि त्यांच्यावर पडलेली त्या झाडांची सावली, असे एखादे चित्र कोणी घेऊन ठेवले असते, तर आजच्या सहस्रावधी चित्रांच्या मोबदल्यात मी ते घेतले असते.

तीन दरवाज्यापाशी मात्र पाय अडला, आणि त्याला कारण आपलाच इतिहास. १७५३ साली रघुनाथराव आणि दमाजी गायकवाड यांच्या फौजांनी मोगलांकडून हे शहर घेतले, मधल्या दोनएक वर्षांच्या खंडानंतर पुन्हा मिळविले, आणि १८१७ पर्यंत येथे मराठ्यांचा अंमल राहिला. अर्धा वसूल पेशव्यांचा, अर्धा गायकवाडांचा. गायकवाडांच्या हवेलीत आज पोलीसखात्याची कचेरी असल्याने ती बाहेरूनच, कॅमेरा पिशवीत ठेवून पाहिली. भद्राच्या किल्ल्यासमोर अहमदशहाने बांधलेल्या या तीन कमानींच्या दरवाज्याबद्दल अशी वहिवाट सांगतात, की नवा मराठा सुभेदार आला म्हणजे त्याने दरवाज्यावर पाच बाण सोडावेत, आणि नेम लागतो की चुकतो यावरून त्याची कारकीर्द शुभ की अशुभ हे रयतेने ओळखावे. याच दरवाज्यावर १८१२ सालचा देवनागरी शिलालेख आहे, चिमणाजी रघुनाथ या मराठा सुभेदाराचा. बापाच्या मिळकतीत मुलीला तिचा हिस्सा बिनहरकत मिळावा, असा तो हुकूम आहे. जो मोडील तो हिंदू असल्यास महादेवाला आणि मुसलमान असल्यास अल्लाला जबाब देईल, अशी त्याला शपथ घातलेली आहे. दोनशे वर्षांपूर्वी, भर बाजारात, येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोळ्यांपुढे दगडावर खोदलेला हा मजकूर आज मोज्यांच्या आणि मोबाइलच्या वेष्टनांच्या गाड्यांमागे असा बसला आहे, की त्याचे चित्र घेण्यासाठी मला एका फेरीवाल्याला गाडी हातभर सरकविण्याची विनंती करावी लागली. त्याने ती सरकविली, आणि हा लेख कशाचा, असे विचारले. मी सांगितले. त्याने मोज्यांचा जोड घडी घालीत बहिणीच्या हिश्शाचा एक स्वतःच्या घरचा किस्सा सांगितला, जो येथे छापणे प्रशस्त होणार नाही.

पण तो लेख वाचल्यावर पोळीतली घरे मला निराळी दिसू लागली, हे मात्र नमूद केले पाहिजे. कारण तेथील मदलांचे भवितव्य वाळवीच्या किंवा पावसाच्या हाती जितके आहे, त्याहून अधिक ते हिश्शांच्या हाती आहे. घर आजोबांचे, सातबारा नव्हे पण तसाच कोणतातरी कागद पणजोबांच्या नावावर, वारस चौदा, त्यांतले तीन परदेशी, तळमजला जुन्या भाड्याने दिलेला आणि भाडे एवढे की त्यात एका बिजागरीची किंमतही निघू नये. अशा घरात एक मदल कुजला, तर तो बदलायचा कोणी? जो बदलील त्याने खर्च एकट्याने सोसायचा, आणि वाढलेल्या किमतीत वाटा मात्र चौदांचा. वारसा म्हणून नोंदलेल्या घराच्या मालकाला, न वापरता येणारा बांधकामाचा हक्क नव्या शहरातील बांधकाम व्यावसायिकाला विकून त्या पैशात दुरुस्ती करता यावी, अशी योजना पालिकेने केली आहे आणि ती शहाणपणाची आहे. परंतु विकण्यासाठीही आधी सर्व वारसांच्या सह्या लागतात, आणि सह्यांसाठी मने जुळावी लागतात. बंद दारावरचे गंजलेले कुलूप छायाचित्रात फार काव्यमय दिसते. माझ्या संग्रहात तशी कुलपे बरीच आहेत, आणि त्यांच्यापैकी बहुतेकांच्या मागे दिवाणी दावा आहे.

पापडी सोलणाऱ्या त्या बांच्या घराचा प्रश्न हिश्शाचा नव्हता, पैशाचा होता, आणि तोही त्यांच्या मुलाने बराचसा सोडविला होता. त्यांच्या दर्शनी भागावरील चारांपैकी एक मदल मध्यावर चिरला होता, तो त्यांना तसाच नवा करून हवा होता. हत्तीच्या सोंडेत धरलेले कमळ आणि त्यावर बसलेली एक मुरलीवाली, असे त्याचे काम होते. मी कोणासाठी फोटो घेतो, या त्यांच्या प्रश्नाला अखेर असे उत्तर मिळाले. समोरच्या मजल्यावरून संपूर्ण दर्शनी भाग, मग शिडीवरून उरलेले तीन मदल, प्रत्येकाशेजारी फूटपट्टी धरून, सकाळच्या परतलेल्या उजेडात. एरवी ज्या फूटपट्टीने चित्राचा विध्वंस झाला असे मी म्हटले असते, ती धरायला बांचा नातू आनंदाने शिडीच्या दुसऱ्या अंगाने चढला. पुण्यास आल्यावर चित्रे नीट करून पाठविली. बऱ्याच दिवसांनी मुलाचा निरोप आला, की फोटो फार सुरेख आहेत, बांनी एक मोठा करून देव्हाऱ्याजवळ लावला आहे, परंतु सुताराचे म्हणणे असे, की तोंडचे काम तर तो समोरच्या तीन मदलांवरून पाहून केव्हाही कोरील, त्याला हवी आहे ती मागची बाजू: मदलाचे कूस तुळईच्या खाचेत किती खोल बसले आहे, पाचर कोणत्या अंगाने मारली आहे, आणि खाली खांबाशी जोड कसा आहे. ते एकाही फोटोत नव्हते. मी पुन्हा केव्हा येऊ शकेन, हे कळविण्याच्या बेतात होतो, तोच दुसऱ्या दिवशी मुलानेच आपल्या मोबाइलवर घेतलेले एक चित्र मला माहितीसाठी पाठविले. माळ्यावर पालथे पडून, फळी उचकटून, बॅटरीच्या झोतात घेतलेले. अर्धे काळे, उरलेले हललेले, एका कोपऱ्यात अंगठा. सुताराने त्यावरून माप काढून लाकूड आणावयास सांगितले होते, आणि सागाचा भाव ऐकून मुलगा अजून विचारात होता.